नमुना सातचा पहिला रकाना

मंगळवार आणि शुक्रवार, संध्याकाळी साडेसात ते नऊ. माहितीपत्रकात वर्गाची ही वेळ वाचली आणि मनात म्हटलं, हे काही आपल्याला जमायचं नाही. साडेसात ही आमच्याकडे ताटं मांडायची वेळ. साडेआठला भांडी, पावणेनऊला प्रार्थना आणि हजेरी, नऊला मोठ्या मुलींचा अभ्यास. त्या दीड तासात कुणीतरी रुसलेली असते, कुणाला ताप चढलेला असतो. अशा वेळी अधीक्षिका ऑफिसचं दार लोटून संगणकासमोर बसली आहे, असं आमच्या बालगृहात एकोणीस वर्षांत कधी घडलं नव्हतं.

मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी आमचं मुलींचं बालगृह आहे, पन्नास मुलींच्या मान्यतेचं. गावात अजूनही सगळे त्याला रिमांड होमच म्हणतात. मी २००६ साली एमएसडब्ल्यू झाले आणि थोड्याच दिवसांत इथे रुजू झाले. मी शिकले तो बाल न्याय कायदा २००० चा. त्यानंतर २०१५ चा कायदा आला, तो जानेवारी २०१६ पासून लागू झाला. त्याचे आदर्श नियम २०१६ चे, महाराष्ट्राचे नियम २०१८ चे, आणि २०२१ ची दुरुस्ती सप्टेंबर २०२२ पासून अमलात आली. यातलं प्रत्येक वळण मला परिपत्रकांतून कळलं. परिपत्रक काय करायचं ते सांगतं. ते का करायचं हे समजून घ्यायला कुणापाशी तरी बसावं लागतं, आणि बालगृहाच्या अधीक्षिकेला तसं बसायला कुणी नसतं. वर विश्वस्त आणि सरकारी कार्यालयं, खाली काळजीवाहक मावश्या. बरोबरीचं माणूस शेजारच्या तालुक्यात किंवा जिल्ह्यात, आणि तेही आपल्यासारखंच अडकलेलं.

अभ्यासक्रमाला नाव घालायचं कारण तसं छोटं होतं. संस्थेची नोंदणी दर पाच वर्षांनी नूतनीकरणाला येते, कायद्याच्या कलम ४१ प्रमाणे. त्या वर्षी तपासणी झाली. पथकाने शयनकक्ष मोजला, दर मुलीमागे चाळीस चौरस फूट भरतात का ते पाहिलं. सात मुलींमागे एक शौचालय, दहा मुलींमागे एक न्हाणीघर, हेही मोजलं. अग्निशामक नळकांड्यांवरच्या तारखा वाचल्या. हे सगळं व्हायलाच हवं, त्यांनी ते मन लावून केलं. त्याच आठवड्यात मुलींना तपासायला येणाऱ्या डॉक्टरीणबाई आपल्या परवान्याबद्दल बोलत होत्या. महाराष्ट्र वैद्यक परिषदेचा नियम आहे, पाच वर्षांत ३० क्रेडिट पॉइंट जमवायचे, तरच नोंदणी पुढे चालू राहते. त्या म्हणाल्या, "अजून सहा कमी आहेत, एका शिबिराला जावं लागेल." मी घरी आले आणि रात्री बराच वेळ तेच डोक्यात घोळत राहिलं. माझ्या इमारतीची दर पाच वर्षांनी परीक्षा होते. चव्वेचाळीस मुलींचं पालकपण सांभाळणारी बाई शेवटचं काही कधी शिकली, हे मात्र मला आजवर कुणी विचारलं नव्हतं.

प्रमाणपत्रं माझ्याकडे नव्हती असं नाही. २०२० आणि २०२१ मध्ये, टाळेबंदीच्या काळात, मी अकरा वेबिनारची प्रमाणपत्रं जमवली. खरं सांगायचं तर त्यातल्या आठांच्या वेळी आवाज बंद करून मी रजिस्टरं लिहीत होते. बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेत २०२० साली केंद्रीय महिला व बालविकास मंत्रालयाच्या पाठबळावर 'संवाद' हा उपक्रम सुरू झाला, अडचणीतल्या मुलांच्या मानसिक आरोग्यासाठी. त्यांची सत्रं मी लक्ष देऊन ऐकली, आणि आवाज बंद करून ऐकणं म्हणजे आपण काय गमावतोय हे तेव्हा लक्षात आलं. सरकारी खात्यातल्या आमच्या ओळखीच्यांना 'आयगॉट कर्मयोगी' हे व्यासपीठ आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये कर्मयोगी सप्ताह झाला तेव्हा प्रत्येकाने किमान चार तास शिकायचं असं ठरलं होतं, आणि जिल्हा कार्यालयातल्या एक ताई जेवणाच्या सुट्टीत मोबाइलवर धडे पुरे करत होत्या. ते व्यासपीठ सरकारी कर्मचाऱ्यांसाठी. आम्ही स्वयंसेवी संस्थेचे, म्हणून आम्ही आपलं आपण शोधायचं.

मी शोधला तो एका विद्यापीठाच्या समाजकार्य विभागाचा, बारा आठवड्यांचा, कल्याणकारी संस्था चालवणाऱ्यांसाठीचा ऑनलाइन अभ्यासक्रम. प्रत्यक्ष वर्ग, चार स्वाध्याय, पंचाहत्तर टक्के हजेरी, शेवटी तोंडी परीक्षा. फी साडेचार हजार. विश्वस्तांना विचारलं. अध्यक्ष मोठ्या मनाचे आहेत, पण ते म्हणाले, "तुम्ही तर शिकलेल्याच आहात की मॅडम." फी मी भरली.

पहिल्याच मंगळवारी आठ वाजता वीज गेली. इन्व्हर्टर आहे, पण त्यावर शयनकक्षातले दिवे आणि पंखे आधी, ऑफिस शेवटी. मोबाइलच्या डेटावर उरलेला वर्ग ऐकला. सरांचा चेहरा थिजलेला, आवाज मात्र येत होता. वर्गात आम्ही चौतीस जण होतो. बालगृहवाले बारा-तेरा, बाकी वृद्धाश्रमांचे व्यवस्थापक, दिव्यांग मुलांच्या निवासी शाळांच्या मुख्याध्यापिका, महिलांच्या निवासगृहांच्या अधीक्षिका. नंदुरबारकडचे एक सर होते, ते गच्चीवर बसून वर्गाला हजर राहायचे कारण खाली रेंज नाही. पावसाची भुरभुर सुरू झाली की त्यांच्या मागे छत्री दिसायची.

मुलींना मी प्रार्थनेनंतर सांगून टाकलं होतं, "मी शाळेत जायला लागले आहे, आठवड्यातून दोन दिवस. त्या वेळी जेवण मावशी बघतील." आठवीतल्या एकीने विचारलं, "मॅडम, तुम्हाला पण गृहपाठ असतो?" असतो म्हटल्यावर तिचा चेहरा जो फुलला तो माझ्या अजून डोळ्यांपुढे आहे. दुसऱ्या आठवड्यापासून मोठ्या मुलींनी ऑफिसच्या व्हरांड्यात कुणी आरडाओरडा करायचा नाही असा नियम आपसांत केला. माझ्या अंदाजापेक्षा जेवणं नीट पार पडत होती. मी नसताना घर चालतं हे कळायलाही मला एकोणीस वर्षं लागली, आणि त्याने मला आधी थोडं वाईट वाटलं, मग हायसं वाटलं.

तिसऱ्या आठवड्याचा विषय होता वर्तन आणि शिस्त. शिकवणाऱ्या समुपदेशक बाईंनी आधी आम्हालाच विचारलं, तुमच्या संस्थेत पुन्हा पुन्हा होणारी, तुम्हाला सगळ्यात जास्त त्रास देणारी एक गोष्ट सांगा. मी सांगितलं, भाकरी लपवणं. लहान मुली उशीखाली, गादीच्या खोळीत, दप्तरात भाकरीचे तुकडे ठेवतात. मुंग्या होतात, उंदीर येतात. दर रविवारी आम्ही गाद्या झाडायचो, आणि जिच्या गादीत तुकडे सापडतील तिला प्रार्थनेच्या वेळी सगळ्यांसमोर उभं राहावं लागायचं. आमच्याकडे मारणं कधीच नव्हतं आणि त्याचा मला अभिमान होता. उभं करणं होतं, आणि त्याला मी शिस्त म्हणत होते.

बाईंनी मला दोष दिला नाही. त्यांनी विचारलं, "लपवणाऱ्या मुली कोणत्या? जुन्या की नव्या?" मी म्हटलं, बहुतेक नव्या. "त्या येण्याआधी कशा राहत होत्या?" मी उत्तर द्यायला लागले आणि मध्येच थांबले, कारण उत्तर फायलीत होतं. एक ऊसतोडीच्या फडावरून मागे राहिलेली. एक स्टेशनवर सापडलेली. बाई म्हणाल्या, "उद्या जेवायला मिळेल की नाही हे ठाऊक नसताना ज्या लेकराने दिवस काढले, त्याने उशीखाली भाकरी ठेवली तर ती चोरी नव्हे, तरतूद आहे. तुम्ही दर रविवारी तिची तरतूद काढून घेता, म्हणून ती सोमवारी पुन्हा करते."

दुसऱ्या दिवशी बाजारातून झाकणाचे चौदा छोटे डबे आणले. लहान मुलींना एकेक दिला, वर त्यांची नावं रंगाने लिहिली. आत फुटाणे, शेंगदाणे, गुळाचा खडा. सांगितलं, हा तुझा, रात्री भूक लागली तर खा, नाही लागली तर राहू दे, रिकामा झाला की मावशीकडून भरून घे. मावशींना हे पटलं नाही. "मॅडम, अशाने सवय लागेल," त्या म्हणाल्या, आणि त्यांची काळजी खोटी नव्हती, कारण निस्तरायचं त्यांनाच होतं. पहिले दहा-बारा दिवस डबे रोज रिकामे. एका मुलीने तर दिवसातून तीनदा भरून घेतला. मी धीर धरला. महिन्याभराने डबे भरलेलेच राहू लागले, आणि मग एका रविवारी गाद्या झाडताना काही सापडलं नाही. मावशींनी ते मला येऊन सांगितलं. त्यानंतर सगळ्यांसमोर उभं करणं आमच्याकडून कायमचं गेलं. ज्या मुली आधी उभ्या राहिल्या होत्या त्यांतल्या काही आता मोठ्या आहेत, दोघींची लग्नं झाली आहेत. त्यांची आठवण मला त्या महिन्यात फार झाली.

पाचव्या आठवड्यात गोपनीयता. कलम ७४ मला पाठ होतं, मुलांची ओळख उघड करायची नाही, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. तरीही आमच्याकडे देणगीदार वाढदिवस साजरा करायला येत, केक कापत, मुलींच्या घोळक्यात फोटो काढत, आणि संध्याकाळी ते फोटो त्यांच्या स्टेटसवर असत. माझ्या मनात कायदा म्हणजे वर्तमानपत्रं आणि टीव्ही. व्हॉट्सअॅपचा मी विचारच केला नव्हता. वर्गातल्या एका मुख्याध्यापिकांनी त्यांचा उपाय सांगितला. पाहुण्यांचे फोन फाटकापाशी एका टोपलीत ठेवायचे, आणि आठवण म्हणून मुलींनी काढलेलं चित्र द्यायचं. आम्ही तेच सुरू केलं. दोन जुने देणगीदार नाराज झाले, एकाने येणं थांबवलं. विश्वस्तांच्या बैठकीत मला त्याबद्दल उभं राहून बोलावं लागलं. मी विचारलं, "आपल्या मुलीचा फोटो अनोळखी माणसाच्या फोनमध्ये आपण राहू दिला असता का?" ठराव मंजूर झाला. देणग्या त्या वर्षी थोड्या कमी आल्या, पण मला त्याचं दुःख नाही.

निधी आणि हिशेबाचं प्रकरण मी भरभर संपवलं. परदेशी देणगीचा कायदा, त्यातली २०२० ची दुरुस्ती, दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतच खातं उघडण्याची सक्ती, हे सगळं ज्यांना लागू त्यांच्यासाठी मोलाचं होतं. आमच्याकडे परदेशातून काही येत नाही.

मग आला तिसरा स्वाध्याय, आणि हे सगळं मी लिहायला घेतलं ते त्याच्यासाठी.

संस्थेत आलेल्या प्रत्येक मुलासाठी वैयक्तिक संगोपन आराखडा करावा लागतो. आदर्श नियमांत त्याचा नमुना आहे, नमुना ७. आम्ही सगळे त्याला आयसीपी म्हणतो. त्यात रकाने आहेत, आरोग्य आणि पोषण, भावनिक आधार, शिक्षण, खेळ आणि विरंगुळा, जिव्हाळ्याचे संबंध, स्वतःच्या पायावर उभं राहण्याची कौशल्यं. पण सगळ्यात पहिला रकाना आहे, संगोपनाकडून मुलाची स्वतःची अपेक्षा काय. कायद्याच्या कलम ३ मध्ये सोळा तत्त्वं दिली आहेत, त्यात सहभागाचं तत्त्व आहे, मुलाचं म्हणणं ऐकून घेण्याचं. हा रकाना म्हणजे त्या तत्त्वाला कागदावर मिळालेली जागा. स्वाध्याय चार ओळींचा होता. तुम्ही सही केलेला एक आराखडा घ्या. तो ज्या मुलाचा आहे त्याला एकांतात वाचून दाखवा. मध्ये समजावत बसू नका. जे घडेल ते एका पानात लिहा.

मी एका चौदा वर्षांच्या मुलीची फाईल काढली. तिची ओळख पटू नये म्हणून इथे काही तपशील बदलले आहेत. ती आमच्याकडे दोन वर्षं होती. कधी तक्रार नाही, कधी भांडण नाही. अशा मुलीची फाईल निवडली, कारण मला वाटलं काही अडचण येणार नाही. शनिवारी दुपारी मागच्या अंगणात लिंबाखाली दोघी बसलो आणि मी वाचायला लागले.

"मुलगी शांत स्वभावाची आहे."

ती म्हणाली, "मी शांत नाही."

मी थांबले. ती म्हणाली, "मी बोलत नाही."

मी पुढे वाचलं. अपेक्षा : चांगले शिक्षण घेऊन स्वावलंबी होणे. तिने विचारलं, "हे मी म्हटलं होतं का?" मला आठवत नव्हतं. तिलाही आठवत नव्हतं. जिव्हाळ्याच्या संबंधांचा रकाना आला. मैत्रिणींशी संबंध समाधानकारक. यावर ती काहीच बोलली नाही. मी आराखडा मिटला आणि विचारलं, "तुला इथे काय लिहायचं आहे?"

बराच वेळ गेला. खाली पडलेल्या लिंबोळ्या ती पायाने एका ओळीत लावत होती. मग तिने विचारलं, "मॅडम, महोत्सवात पहिलं आलं की पुढे दुसऱ्या जिल्ह्यांची मुलं पण येतात ना?"

आमच्या बालगृहांसाठी दरवर्षी चाचा नेहरू बालमहोत्सव होतो, आधी जिल्ह्याचा, मग विभागाचा. ही मुलगी दोन वर्षं शंभर मीटर धावण्याचा सराव पहाटे उठून करत होती. आम्ही तिचं कौतुक करायचो, बूट घेऊन दिले होते. दोन्ही वर्षी ती जिल्ह्यात दुसरी आली आणि दोन्ही वेळा दोन दिवस जेवली नाही. आम्ही म्हणायचो, जिद्द आहे पोरीला. तिला विभागाला जायचं होतं, कारण तिचा लहान भाऊ शेजारच्या जिल्ह्यातल्या मुलांच्या बालगृहात होता आणि कुणीतरी तिला सांगितलं होतं की तिथे सगळ्या जिल्ह्यांची मुलं येतात.

दोघं एकाच दिवशी बालकल्याण समितीपुढे आली होती. आमचं बालगृह मुलींचं. भावाला जिथे जागा होती तिथे पाठवलं. सामाजिक तपासणी अहवालाच्या दुसऱ्या पानावर भावाचं नाव आणि वय लिहिलेलं होतं, आणि खाली पाहिल्याची माझी सही होती. तिने कधी विचारलं का नाही, असं मी तिला विचारायला गेले आणि गप्प बसले. तिला विचारायचं माझं काम होतं, त्यासाठी छापील रकाना होता, आणि तो मी स्वतः भरून टाकला होता. त्या रात्री कपाटातल्या सगळ्या फायली काढल्या. चव्वेचाळीसपैकी एकोणचाळीस मुलींची अपेक्षा एकच होती, चांगले शिक्षण घेऊन स्वावलंबी होणे. काहींच्या बाबतीत अक्षरही तेच, कारण एका नमुन्यावरून दुसरा उतरवला होता. यात कुणाचा आळस नव्हता. समितीच्या तारखेच्या आत फायली पुऱ्या व्हायला हव्यात म्हणून रात्री अकरा वाजता बसून लिहिलेली ती वाक्यं होती. पण ती वाक्यं माझीच होती.

मंगळवारी ते पान मी वर्गात वाचलं. वाचताना आवाज दोनदा बसला. संपल्यावर कुणी काही बोलेना. मग गच्चीवरच्या सरांचा माइक सुरू झाला. ते म्हणाले, "मॅडम, माझ्याकडे मुलगे आहेत. त्यांच्या बहिणी कुठे आहेत हे मी उद्या बघतो." पुढच्या वर्गापर्यंत सहा जणांनी आपापली रजिस्टरं तपासली होती. वर्गातल्याच दोन संस्थांमध्ये, वेगवेगळ्या जिल्ह्यांत, एक बहीण-भाऊ निघाले, आणि त्या दोन अधीक्षकांनी वर्ग चालू असतानाच एकमेकांचे फोन नंबर घेतले. ऑनलाइन वर्गात माणूस माणसाला भेटत नाही असं जे म्हणतात ते मला पटत नाही. आम्हा चौतीस जणांना एका खोलीत आणायला कुणाकडे पैसा नव्हता आणि कुणाला सवड नव्हती. संध्याकाळी साडेसातला त्या पडद्यावर आम्ही भेटलो म्हणून ती दोन मुलं सापडली.

आमच्या मुलीचं काम सरळ होतं, वेळ लागला तो कागदाला. समितीकडे अर्ज केला, सोबत नवीन आराखडा जोडला. सदस्यांनी तो वाचला आणि एकांनी विचारलं, "हे आधी का नाही मागितलं?" मी म्हटलं, आमच्याकडून राहिलं. आदेश झाला, पंधरा दिवसांतून एकदा व्हिडिओ कॉल आणि तीन महिन्यांतून एकदा भेट. जिल्हा बाल संरक्षण कक्षाने पलीकडच्या जिल्ह्याशी पत्रव्यवहार केला. पहिला कॉल ऑफिसच्या त्याच संगणकावर लावला ज्यावर माझा वर्ग चालायचा. तिने विचारलं, "जेवलास का?" तो म्हणाला, "हो." मग दोघंही नुसती एकमेकांकडे पाहत राहिली, सात-आठ मिनिटं. मी बाहेर व्हरांड्यात जाऊन उभी राहिले.

भेटीला एसटीने गेलो, चार तास. तिच्या मांडीवर शेंगदाण्याच्या लाडवांचा डबा होता, मावशींनी तिच्याबरोबर बसून वळलेले. भाऊ फाटकाशी उभा होता. ती त्याच्याजवळ गेली, त्याच्या डोक्यावर हात सपाट ठेवला आणि तो हात तसाच सरळ आपल्याकडे आणला. खांद्याला लागला. "इथं यायचा," असं म्हणून तिने मला आपलं कोपर दाखवलं.

अभ्यासक्रम मी पुरा केला. तोंडी परीक्षेत मला अनुरक्षणाबद्दल विचारलं, अठरा पूर्ण झाल्यावर मुलगी कुठे जाते. कलम ४६, एकविसाव्या वर्षापर्यंत मदत, अपवाद म्हणून तेविसाव्यापर्यंत, अनाथ प्रमाणपत्र आणि त्यावर मिळणारं एक टक्का समांतर आरक्षण, हे सगळं मी सांगितलं. विश्वस्तांनी नंतर निम्मी फी परत केली आणि पुढच्या वर्षीच्या अंदाजपत्रकात 'कर्मचारी प्रशिक्षण' असा एक रकाना घातला. त्यात दहा हजार आहेत. मी ती ओळ पुन्हा पुन्हा वाचली.

एक गोष्ट मात्र मनाला लागून राहिली आहे. वर्ग मराठीत चालला, पण वाचायला दिलेलं जवळपास सगळं इंग्रजीत होतं. मला शब्दकोश घेऊन का होईना जमलं. आमच्या मावशी नववीपर्यंत शिकलेल्या आहेत. मुलीला रात्री दोन वाजता स्वप्न पडतं तेव्हा तिच्याजवळ मावशी असतात. अंथरूण ओलं झालं तर पहिला शब्द मावशींच्या तोंडून निघतो, आणि तो कोणता निघतो यावर त्या मुलीचा पुढचा आठवडा ठरतो. इतकं सारं ज्यांच्या हातात आहे त्यांच्यासाठी, त्यांच्या भाषेत आणि त्यांच्या वेळेला, मोबाइलवर अर्ध्या तासात ऐकता येईल असं शिक्षण मला शोधून सापडेना. प्रशासकांना शिकवायलाच हवं, पण ते तिथे थांबलं तर शयनकक्षाच्या दारापर्यंतच पोचतं. सध्या मी एवढंच करते, दर गुरुवारी दुपारी तीन वाजता, मुली शाळेत असताना, आम्ही सगळ्या ऑफिसात बसतो. मी वर्गातलं एकेक प्रकरण मराठीत सांगते, मावशी त्यांचे प्रसंग सांगतात. तो एक तास मी त्यांच्या कामाच्या वेळेत धरते, हजेरी रजिस्टरात तसं लिहिते. शिकण्याचा वेळ झोपेतून काढायला लावला की माणूस आवाज बंद करूनच शिकतो, हे मी स्वतःवरून जाणते.

गेल्या शुक्रवारी संध्याकाळी सव्वासातला एक नवी मुलगी आली, अकरा वर्षांची, पोलीस ताईंबरोबर. हातात एक पिशवी. त्याच दिवशी साडेसातला आमच्या जुन्या वर्गाची तिमाही बैठक होती, मी गटावर कळवलं की आज येत नाही. तिला आधी जेवायला वाढलं. मावशींनी तिच्या नावाचा डबा केला, तिने तो उघडून पाहिला आणि झाकण घट्ट लावलं. रात्री ती झोपल्यावर मी नमुना ७ काढला. नाव, वय, आलेली तारीख, अंगावरच्या खुणा, वजन लिहिलं. पहिला रकाना तसाच कोरा ठेवला आणि समासात पेन्सिलीने पंधरा दिवसांनंतरची तारीख टाकली.